कारभारीमामांच्या बागेचे फोटो

मंडळी, विकास आराखड्याच्या सुनावणीहून दुपारी घरी आले, तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे.

बायपासच्या मागच्या ओढ्याकाठी हिरवा पट्टा राखावा, तिथं बांधकाम होऊ देऊ नये, अशी मागणी आमच्या फिरायला जाणाऱ्या ग्रुपनं केली होती. आज साहेबांसमोर पडद्यावर आमचे फोटो लागले. पेरूची बाग, बगळे, सकाळचं कोवळं ऊन. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मागून कारभारीमामा उठले. ती बाग त्यांचीच. दर रविवारी आम्ही त्यांच्याकडेच पेरू खातो.

"साहेब, शेजाऱ्यानं झाडं तोडून प्लॉट पाडले, त्याला घरं बांधायची परवानगी. म्या बाग राखली, तर माझ्याच रानावर बंदी. ह्यो कुठला न्याय?"

साहेबांनी आक्षेप नोंदवून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर मी मामांना गाठलं. म्हटलं, "मामा, आम्हाला बाग वाचवायची होती हो."

"व्हय ताई. पर एकदा इचारायचं तरी. दर आयतवारी येता की." मग शांतपणे म्हणाले, "आता झाडं काढतो. साहेब पाहणीला यायच्या आत रान मोकळं दिसाया पायजे."

ते फोटो मीच काढले होते.

ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज पडतायत. आत्ताच कुणीतरी विचारलंय, "या रविवारी पेरू खायला किती वाजता निघायचं?"

काय उत्तर देऊ, सांगा.