मास्कमागचं बोलणं

आमच्या कोल्हापूरकडं पेशंटला बघायला माणसं एकेकटी येत नाहीत, गाडी करून येतात. शहाळी आणतात, बिस्किटांचे पुडे आणतात, आणि एवढं करून आल्यावर पेशंट दोन शब्द बोलला नाही, तर त्यांना आल्यासारखं वाटत नाही. मी छातीची डॉक्टर. माझे निम्मे पेशंट तोंडावर मास्क लावून पडलेले. त्यामुळं माझा निम्मा जन्म ‘मास्क काढू नका’ म्हणून ओरडण्यात गेलाय.

इचलकरंजीचे ते आजोबा आले तेव्हा न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. जन्मभर यंत्रमागावर काम केलेलं, सुताची धूळ खाऊन फुप्फुसं आधीच थकलेली. मास्कमधून मशीन जोरानं ऑक्सिजन देत होतं तोवर तग धरून होते. मास्क निघाला की ओठ निळे पडत. आणि मी राउंडला गेले तर मास्क हनुवटीखाली, भोवती सगळी गल्ली जमलेली. “दादा, वळीकलं का? बोला की!” मागावरची माणसं, त्यांचं हळू बोलणंसुद्धा रस्त्यावर ऐकू जाणारं.

माझं डोकंच फिरलं. “बघायला आलाय का जीव घ्यायला?” मी मास्क घट्ट बसवला. एक पाहुणा चाचरत म्हणाला, “तसं न्हाय बाई, दोन शब्द बोललं असतं तर जिवाला बरं वाटलं असतं.”

“कुणाच्या जिवाला? तुमच्या का त्यांच्या?”

कोपऱ्यात आजोबांची बायको उभी होती, अंगानं बारकी, डोक्यावर पदर. ती पुढं आली नि म्हणाली, “वरडू नगासा बाई. आता म्या बघती.”

तेव्हापासून ती दारातच स्टूल टाकून बसली. येईल त्याला तिथंच थांबवायची. मग आत बघायची, आजोबांचे हात हलायचे, आणि ती पाहुण्याला सांगायची, “मालक इचारत्यात, थोरलीचं डोळ्याचं आपरेशन झालं का?” मला वाटलं, मनचंच सांगतेय बिचारी. विचारलं तर चक्क हसली. आजोबा मागावर, ती त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला. त्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकणार? लग्नाआधीपासून सगळं खुणांवरच चाललेलं. मिशीला पीळ म्हणजे मुकादम आला. छातीवर हात ठेवून अंगठा खांद्यावरून मागं दाखवला, की माझी पाळी सुटली, दारात थांबतो.

“रोज थांबायचे?”

“व्हय की. पावसातबी.”

औषधं बदलली, परत तपासण्या केल्या. काही दिवस ताप उतरला आणि मी उगाच आशा धरली. मग श्वास पुन्हा ढासळला. व्हेंटिलेटरचं विचारलं तेव्हा आजोबांनी स्वतःच हात हलवून नको म्हणून सांगितलं. मुलं रडली, पण त्यातून ते परत येतील असं मलाही वाटत नव्हतं, आणि मी मुलांपासून ते लपवलं नाही.

त्या दुपारी मी तिला पलंगाजवळ बोलावलं. “मावशी, मास्क जरा बाजूला करते. बोलू दे त्यांना तुमच्याशी.”

तिनं माझ्याकडं बघितलं. ज्या मास्कसाठी मी सगळ्या गल्लीला फाडून खाल्लं होतं, तो मीच काढते म्हटल्यावर तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. तिनं डोळ्यांना पदर लावला.

“नगं बाई,” ती म्हणाली. “उगं धाप लागंल त्यास्नी. मगाशीच सांगितलंय त्यांनी.”

“काय सांगितलं?”

तिनं आपल्या छातीवर हात ठेवला आणि अंगठा खांद्यावरून मागं नेला, दाराकडं.