दाताच्या खड्ड्यातले राखनदार

शमशादच्या मागाचा आवाज पार आमच्या चुलीपतुर यायचा. खटक-फट, खटक-फट. दुसरी मोठी लढाई संपत आल्ती, तवाची गोष्ट. भिंगारला आमच्या आळीत समदे विनकर, पन माग चालवनारी बाई ही एकलीच. नवरा नूरमहंमद तापानं गेला तवा मागावर अर्धं लुगडं हुतं. तिनं डोळं पुसलं, तिथं जाऊन बसली अन् लुगडं पुरं केलं. मंग उठलीच न्हाई म्हना.

आमचा हातमाग जमिनीतल्या खड्ड्यावर असतोय. खड्ड्यात पाय सोडायचं अन् पायानं पावडी दाबायची. मी शेजारची पोर, तिला सुताच्या कांड्या भरून द्यायची. ती म्हनायची, "रंगू, हितं बसलं की विहिरीच्या काठावर बसल्यावानी वाटतंय बघ. खालनं गार लागतंय अन् वर समदं लांब लांब जातंय."

धाकट्या दिराला, गनीभाईला, तिचं मागावर बसनं पटायचं न्हाई. त्यो यायचा अन् उंबऱ्यातनंच म्हनायचा, "भाभी, माझा शमशेर आता कामाला आला. माग त्याला द्या, तुमी कांड्या भरा. खान्यापिन्याचं मी बघतो."

"हात थकले की देईन."

"थकले की सांगा मंग."

"तुमी रोज इचारताय, सांगायचं इसरीन कशी?"

असं हसत हसत चालायचं. पन शमशादला ठाव हुतं, माग गेला की आपन दिराच्या घरातली एक उसनी बाई. मागावर बसली तवर ती नूरमहंमदच्या घरची धनीन.

अन् त्याच साली तिची खालची दाढ किडली. गाल फुगून डोळा बारीक झाला. नगरला दवाखान्यात गेली, डाक्टरीनबाईनं दाढ काढली. काढून झाल्यावर बाई म्हनली, "खड्ड्यात रक्त थिजलंय, ते हलू द्यायचं नाही. जोरात थुंकू नका, काही चोखू नका. विडी, तंबाखू नाही."

"बाईसाहेब, मी विडी वढत न्हाई, मिसरी लावत न्हाई. चोखायला काय लहान पोर हाय का मी?"

घरी आली अन् जरा पडून मागावर बसली.

आता धोटा म्हंजी सूत घिऊन इकडनं तिकडं पळतोय ते लाकूड. त्याला एक बारीक भोक असतंय. कांडी सरली की नवी घालायची, सुताचं टोक भोकाशी न्यायचं, धोटा तोंडाला लावायचा अन् सुर्रकन वढायचं, की सूत भायेर. दिसभर तेच. विनकर त्याला चोखनं म्हनतच न्हाई. पापनी हालती तसं ते. शमशादनं वढलं, परत वढलं, अन् थिजलेलं रगत कवा निघून गेलं, तिला कळलं बी न्हाई.

मंग ठनका सुरू झाला. कानात घुसला, मानंत उतरला. तोंडाला वास याया लागला. धोटा हातातनं सुटायचा.

गनीभाई आला, बघत राहिला. "हात न्हाई थकलं भाभी, पन त्वांड थकलं की. जबडा सडला तर काय करताल? जुम्म्याला शमशेरला घिऊन येतो. त्यो बसंल."

शमशादनं पडलेला धोटा उचलला अन् परत मागावर वाकली.

दुसऱ्या दिशी परत दवाखान्यात गेली. डाक्टरीनबाईनं दाताच्या खड्ड्यात चिमटा घातला अन् काय काढलं म्हनता? हिरव्या सुताचा बारका गुंता.

"शमशादबी, तोंडात बाग लावलीय का?"

शमशाद त्या हिरव्या पुंजक्याकडं बघत बसली. तिचा हात आपसूक तोंडाशी गेला, धोटा धरल्यावानी, अन् तिथंच थांबला.

"चोखलं हो बाईसाहेब. लई चोखलं."

बाईनं खड्डा धुतला, लवंगाच्या तेलाची पट्टी भरली अन् समजावून सांगितलं. "तुमच्या रक्तात राखणदार असतात, डोळ्याला न दिसणारे. कुठं जखम झाली की आधी ते धावतात. घाण खातात, मेलेलं उचलतात. जागा साफ झाली की हाड घडवणाऱ्यांना तेच सांगावा धाडतात. ते थिजलेलं रक्त म्हणजे त्यांचं उभं राहायचं ठिकाण. ते तुम्ही ओढून काढलंत. आता ते उघड्या हाडावर झगडत बसलेत, म्हणून हा ठणका. त्यांचा झगडा निवला की हाड भरेल."

"मंग मी काय करू?"

"काही करू नका. तेच तुम्हाला अवघड जाणार."

घरी आली तर गनीभाईची बायको बद्रुन्निसा वाट बघत बसलेली. ऐकून घेतलं अन् म्हनली, "भाभी, हात तुमचं, त्वांड माझं." मागाच्या कडंला फतकल मारून बसली. कांडी सरली की शमशाद धोटा तिच्याकडं द्यायची, ती सूत वढायची, धोटा माघारी.

दुपारी आळी सामसूम व्हायची. शमशादच्या आंगात कनकन, डोळं जड, हात चालूच. तिनंच मला सांगितलं हे. तिला वाटायचं, आपन मागाच्या खड्ड्यात न्हाई, आपल्याच जबड्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसलोय. खाली ओल, लाल उजेड. त्या उजेडात पांढरी पांढरी मानसं, बोलत न्हाईत, पायाचा आवाज न्हाई. कुनी घान उचलतंय, कुनी तोंडात टाकून गिळतंय, कुनी दमून तिथंच भिताडाला टेकतंय अन् इरघळून जातंय. की लगीच दुसरं येतंय. त्यात एक पाठमोरा. खांदा डावीकडं वाकलेला, नूरमहंमदवानी. तिच्या जिभंवर हाक आली. पन मारली न्हाई. त्वांड उघडलं तर त्यांच्या कामात वारा शिरंल म्हनून. नुस्ती बघत राहिली. हळूहळू कडंकडंनं काय तरी दाटत आलं, सायीवानी मऊ. अन् ठनका लांब गेला, गावाभायेर गेलेल्या गाडीवानी.

जुम्म्याला गनीभाई शमशेरला घिऊन आला. बघतो तर बायकोच्या तोंडात धोटा.

"तू हितं? मला वाटलं पान्याला गेलीस."

"सूत वढतेय."

"अन् घरचा सैपाक?"

"तुमचा शमशेर कामाला आलाय न्हवं? त्याला सांगा."

शमशेर खाली मान घालून हसला. गनीभाई वाकला. "भाभी, गाल बघू." सूज उतरलेली. "वास बी न्हाई येत."

"जरा हळू बोला. आत कामं चाललीत."

गनीभाई मागाकडं वळला. मागावरच्या लुगड्यावर त्यानं हात फिरवला. दुखन्यात विनलेलं सापडंना, समदं सारखंच. काठ सरळ, एक धागा सुटलेला न्हाई. त्यो बी विनकरच, त्याच्या बोटांना कळलं. "चल रं," पोराला म्हनला, अन् जाता जाता बायकोला, "सांजच्याला तरी ये."

थंडी आली तवा डाक्टरीनबाईनं हिरडी बोटानं दाबून बघितली. खाली हाड लागलं, टनक.

त्याच आठवड्यात लुगडं उतरलं. नवा ताना, म्हंजी उभं सूत, गनीभाईनं स्वतः खांद्यावर आनला, स्वतः मागावर चढवला, दोरे बांधले, ताठ केले. शमशाद बाजूला उभी. त्याचं झाल्यावर त्यो खड्ड्यातनं वर आला, बसायची फळी उपरन्यानं झटकली अन् म्हनला, "बसा भाभी."