खालच्या मजल्यावरची साक्ष

“अरे ए वरच्या! बंद कर ते भाषण! नाहीतर मी आत्ता वर येतो आणि मुसलमान होतो, म्हणजे तरी तू गप्प बसशील!”

खालच्या मजल्यावरचे काका ओरडत होते. एका हातात उशी, दुसऱ्या हातात चप्पल, आणि मान इतकी वर की दिल्लीतल्या आमच्या द्वारकेवरून खाली उतरणाऱ्या विमानातल्या लोकांना वाटावं, हा गृहस्थ आपल्याशीच भांडतोय. मी आमच्या बाल्कनीत उभा होतो. समोर श्रोते म्हणून अम्मीच्या कुंड्या मांडलेल्या. पुढे दोन मनीप्लांट, मध्ये कढीपत्ता, आणि मागच्या रांगेत, उशिरा आल्याची लाज वाटत असल्यासारखी, एक कोरफड. भाषणाचा विषय होता ‘इस्लाममध्ये शेजाऱ्याचे हक्क’.

“काका, शेवटचा मुद्दा राहिलाय फक्त!”

“तुझा शेवटचा मुद्दा गेल्या मंगळवारपासून चाललाय! माणसानं दुपारी डोळा लावायचा की नाही?”

आणि चप्पल आली. कोरफडीला लागली. कोरफड शेवटपर्यंत बसून राहिली, हे मी तिच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

काका आमच्यासारखेच महाराष्ट्रातले. जन्मभर केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे मारून निवृत्त झालेले. मुलगी पुण्याला, काकू दोन हिवाळ्यांपूर्वी गेलेल्या, घरात ते एकटेच. अब्बा त्यांच्याच खात्यात नोकरीला होते, म्हणून या सोसायटीत वर आम्ही आणि खाली ते. काकू होत्या तोवर त्यांची पुरणपोळी वर यायची आणि अम्मीचा शीरखुर्मा खाली जायचा. आता फक्त माझा आवाज खाली जायचा.

तर मी हे भाषण का ठोकत होतो? तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि दर रविवारी नोएडाला एका सरांच्या घरी जायचो. तिथे आम्हा सात-आठ मुलामुलींचा वर्ग भरायचा. आपला दीन, म्हणजे धर्म, काय आहे हे कुणाला जाणून घ्यायचं असेल, तर ते कसं सांगायचं? न चिडता, न खोटं बोलता, समोरच्याला न तोडता? याला आमच्यात दावतीचं काम म्हणतात, आणि सर ते शिकवायचे. द्वारकेहून नोएडा म्हणजे मेट्रोच्या ब्लू लाइनचा असा प्रवास, की मी दाढी करून चढायचो आणि उतरल्यावर सर म्हणायचे, “माशाल्लाह, दाढी ठेवलीस!”

सर निवृत्त फिजिक्सचे शिक्षक, मूळचे लखनौचे. ते बोलायचे लखनवी हिंदीत. मी इथे त्यांना मराठीत बोलायला लावतोय, त्यात थोडी नजाकत वाटेत सांडेल, पण इलाज नाही. वर्गात पाऊल टाकताच भाषण वगैरे काही नाही. आधी कप विसळायचे. उशिरा येणाऱ्याने झाडू मारायचा. मी त्या घराचा इतका झाडू मारलाय की फरशीचा एक थर माझ्या नावावर करायला हरकत नाही.

मग सराव. एकाने प्रश्नकर्ता व्हायचं, एकाने उत्तर द्यायचं. पण उत्तर देण्याआधी समोरच्याचा प्रश्न आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचा. तो जोवर “हां, यही पूछा था” म्हणत नाही, तोवर उत्तराला बंदी. हा सरांचा कायदा. माझी अडचण अशी, की प्रश्न अजून चपला काढत असायचा तोवर माझं उत्तर आत जाऊन जेवायला बसलेलं असायचं. एकदा आमच्या वर्गातल्या मुलीने, ती डॉक्टरकी शिकत होती आणि अगदी मोजकं बोलायची, नुसतं विचारलं, “इस्लाममध्ये...” आणि मी पुढची वीस मिनिटं उत्तर दिलं. शेवटी ती म्हणाली, “मी विचारणार होते, इस्लाममध्ये बोलण्याबद्दल काय म्हटलंय.”

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

त्या हिवाळ्यात पुस्तकांच्या एका मोठ्या जत्रेत आमच्या वर्गाला एक छोटं टेबल मिळणार होतं. टेबलापाशी उभं राहायला वर्गातले दोघंच. आणि मला तिथे उभं राहायचं होतं. किती? तर मी सरोजिनी नगरला जाऊन, दुकानदाराशी भांडून भांडून, शेवटी तो रडकुंडीला आल्यावर, एक जाकीट विकत आणलं होतं. कुटुंबाच्या ग्रुपवर साताऱ्याच्या मामूंपासून आखातातल्या चुलत बहिणीपर्यंत सगळ्यांना कळवून टाकलं होतं की दिल्लीत मी लोकांना संबोधित करणार आहे. मामूंनी उलट विचारलं होतं, “किती लोकांना?” मी लिहिलं होतं, “गर्दीवर अवलंबून.” आता मागे फिरायला रस्ताच नव्हता.

आणि त्या रविवारी सर म्हणाले, “टेबलावर कोण जाणार ते मी ठरवणार नाही. पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपला एक शेजारी घेऊन यायचा. शेजारी तुमच्याबद्दल खरं काय ते सांगेल, आणि मनातला एक प्रश्न तुम्हाला विचारेल. शेजारी मुसलमान नसला तर उत्तम.”

मी मनातल्या मनात शेजारी मोजले. आमच्या मजल्यावर समोरचा फ्लॅट रिकामा. वर गच्ची. राहिले कोण? चप्पलवाले.

मी सोमवारपासून काकांची सेवा सुरू केली. तोंडातून शब्द न काढता. सर म्हणायचे, खिदमत करावी पण तिचा ढोल वाजवू नये. म्हणून मी गुपचूप त्यांची स्कूटर धुतली. इतकी धुतली की ती तीन दिवस सुरू होईना. भाजीची पिशवी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून वर नेली. ते बिचारे भाजी आणायला निघाले होते, पिशवी रिकामी होती. त्यांच्या तुळशीला पाणी घातलं. तेही घालत होते, हे मला ठाऊक नव्हतं. तुळस पोहायला लागली.

गुरुवारी काका वर आले आणि अम्मीला म्हणाले, “वहिनी, मुलाला काही झालंय का? बोलत नाही, पण सारखा काहीतरी करत असतो. परीक्षेत नापास झाला का? की कुणी मुलगी...?”

“भाईसाहेब, हा कुठल्या मुलीला बोलू देणार?” अम्मी म्हणाली. “याला तुमची गरज आहे. याच्या तोंडूनच ऐका.”

मग मी सगळं सांगितलं. काकांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे मी तुझ्यावर शेरा मारायचा?”

“हो काका.”

“मी शेरा खरा मारतो. जन्मभर खराच मारला, म्हणून बढती उशिरा मिळाली.”

“अगदी खरा नको, काका. थोडा...”

“थोडा खरा असा शेरा नसतो,” काका म्हणाले आणि कप खाली ठेवला. “रविवारी किती वाजता निघायचं?”

रविवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मेट्रोत मी त्यांना पूर्ण वेळ पढवत होतो. “काका, तुम्ही असं म्हणू शकता की मुलगा मनाने चांगला आहे. किंवा, उत्साही आहे. उत्साही हा शब्द चांगला आहे, काका.” काका दाराच्या काचेतून यमुना बघत होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, “तिथे चहा चांगला मिळतो का?”

वर्गात आधी त्या डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलीची पाळी होती. तिच्या शेजारच्या पंजाबी आंटी उठल्या आणि म्हणाल्या, “ही आमची शिडी घेऊन गेली होती. तिने परत आणून दिली.” आणि बसल्या. दिल्लीत याहून मोठं चारित्र्याचं प्रमाणपत्र असूच शकत नाही. मला कळलं, एक जागा गेली.

मग काका उठले. सरकारी हिंदीत, ठासून, सुरुवात केली.

“हा मुलगा रोज दुपारी बाल्कनीत भाषण देतो. मला ते पाठ झालंय.” आणि खालच्या मजल्यावर बनियनवर झोपलेल्या माणसाला जसं ऐकू येतं, तसं काकांनी ते सगळं म्हणून दाखवलं! माझं घसा साफ करणं. “मेरे अज़ीज़ भाइयो” नंतर मी टाळ्यांसाठी घेतो ती विश्रांती, टाळ्या कुंड्यांच्या असल्या तरी. शेजाऱ्याच्या हक्काच्या मुद्द्यावर माझा उजवा हात जसा हवेत जातो तसा हात. आणि मग म्हणाले, “इथे मी खाली उशीत तोंड खुपसतो. शेजाऱ्याचे हक्क वर चालू असतात आणि शेजारी खाली जागा असतो.”

वर्ग कोसळला. आंटी हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. डॉक्टरकीवाली मुलगी, जी दोन वर्षांत एकदा हसली असेल, ती दुपट्ट्यात तोंड लपवून हलत होती. सरही चष्मा काढून पुसायला लागले. मी हसत होतो, पण आतल्या आत जाकिटाचा निरोप घेत होतो. मामूंना काय लिहायचं याचा मजकूर डोक्यात तयार होत होता.

“आता प्रश्न,” सर म्हणाले.

मी सज्ज झालो. चार बायका, मांसाहार, बुरखा, तलाक, जे विचाराल त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, मुद्द्यांसकट. काका खुर्चीवर बसले. शर्टाची बाही उगाच सरळ केली. आणि हिंदी सोडून माझ्याशी मराठीत बोलले, घरातल्यासारखं हळू.

“मी संध्याकाळी कुकर लावतो. एकाचाच. पण सवयीने दोन ताटं निघतात. मग एक परत मांडणीत ठेवतो. ते ठेवताना फार... म्हणजे, त्या वेळी तुमच्यात काय म्हणतात? काही आहे का म्हणायला?”

वर्गात कुणालाच काही कळलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

“काय विचारलं त्यांनी?” सर म्हणाले. “तुझ्या शब्दांत सांग.”

मी हिंदीत सांगायला सुरुवात केली, थांबलो, परत सुरुवात केली. म्हटलं, काका विचारतायत की घरातलं माणूस गेल्यावरही हात दोन ताटं काढतो. मग त्यातलं एक परत ठेवताना काय म्हणायचं, असं ते विचारतायत.

काकांनी मान हलवली. “हां,” ते म्हणाले, “यही पूछा था।”

आता उत्तर. मी छताकडे पाहिलं. तिथे एक पंखा होता, तोही बंद.

“मला माहीत नाही, काका,” मी म्हणालो. आणि मग कुठल्याही मुद्द्यात न बसणारं काहीतरी तोंडातून गेलं. “पण ते ताट परत ठेवू नका. मी खाली येतो जेवायला.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, बाल्कनीकडे करतात तशी मान वर न करता. “वरणभात असतो फक्त.”

“चालेल.”

“लसूण नसतो.”

इथे मी जरा थांबलो, कारण वर्गात खोटं बोलायला मनाई होती. “चालेल,” मी म्हणालो.

“रोज नको. तुझी अम्मी म्हणेल, मुलगा पळवला.”

“नाही म्हणणार. तिला शांतता मिळेल.”

आंटींनी दुपट्ट्याने डोळे पुसले आणि आपल्या पर्समधून काजूकतलीचा डबा काढून सगळ्यांपुढे फिरवला. काकांनी दोन घेतल्या. सरांनी काहीच शेरा मारला नाही. उठले, स्वतः आत गेले आणि काकांसाठी चहा घेऊन आले. काकांनी घोट घेतला, म्हणाले, “साखर कमी आहे,” आणि सर परत आत गेले.

जाताना, दारात आम्ही बूट घालत असताना, सरांनी सांगितलं की टेबलावर ती मुलगी आणि मी.

मी काकांना मिठी मारली. काका एका पायावर उभे होते, दुसऱ्या पायात बूट जात नव्हता, त्यामुळे त्यांना पळता आलं नाही. माझा आवाज परत आला होता, आणि तोही जत्रेच्या आकाराचा. मी म्हटलं, “सर! मग मी तिथे कुठल्या विषयावर बोलू? माझ्याकडे सहा तयार आहेत. सातही होऊ शकतात. तुम्ही फक्त विषय सांगा!”

सर पायपुसणं सरळ करत होते.

“खुर्च्या लावायच्या आहेत,” ते म्हणाले. “लवकर ये.”