फ्रीज बंद करून पाहायचे सिनेमे

रोज संध्याकाळी आत्या आधी पंखा बंद करायची, मग फ्रीज. मग पडद्यावर कुणाचा तरी खून व्हायचा.

ऐकू कमी येणाऱ्यांच्या कानाला यंत्र बसवून देणं हे तिचं काम. घरी आली की, सिनेमा नुकताच बोलायला लागला होता त्या काळातले गुन्हेपट लावायची. त्यांत पार्श्वसंगीत जवळपास नसायचंच. नुसती खरखर, पावलं, खुर्ची सरकल्याचा आवाज.

"बघ, सगळे त्या फुलदाणीपाशीच कुजबुजतायत. आत माईक लपवलाय," ती खुशीत मला सांगायची. "खुनीही बिचारा तिथेच येऊन कबुली देणार."

फ्रीज पुन्हा चालू करायला मात्र ती हमखास विसरायची. "खून तिकडे होतो, जीव आमच्या दुधाचा जातो," आतोबा म्हणायचे.

दर रविवारी वाचनालयाच्या सभागृहात ती हेच सिनेमे लोकांना दाखवायची. लोक कंटाळून मधेच उठायचे. शेवटी ग्रंथपाल म्हणाले, "ताई, या रविवारच्या सिनेमाची संगीत घातलेली नवी प्रत मिळतेय. तीच लावू. याही वेळी लोक उठले तर समिती खेळ बंद करणार."

"शांतता भरून टाकलीत तर भीतीनं बसायचं कुठे? जुनीच लावा. लोक उठले तर दाराला कुलूप मी घालते."

त्या रविवारी तिने सभागृहातले पंखेही बंद केले. लोक रुमालाने वारा घेत कुरकुरले. पडद्यावर एक बाई एकटीच विणत बसली होती. एकाएकी खरखरही थांबली. तेवढा तुकडा मुळातच मुका होता, पण ग्रंथपालांना वाटलं, स्पीकर गेला. त्यांनी आवाज पार वर नेला. आत्या हातवारे करून नको म्हणतेय, तोवर पडद्यावरचं दार करकरलं.

अख्खं सभागृह मागे वळून खऱ्या दाराकडे बघू लागलं. मग सगळे स्वतःलाच हसले, आणि मग कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटपर्यंत एकही खुर्ची वाजली नाही.

"ताई, चुकलंच माझं," ग्रंथपाल घाम पुसत म्हणाले.

"चुकलंच. पुढच्या रविवारी चुकू नका."

ते रविवार अजून चालू आहेत. पंखे आता मी बंद करते.

आजारपणात ती आमच्याकडे होती. शेवटच्या संध्याकाळीही आम्ही सिनेमा लावला होता. खुनी पकडला गेला, तशी ती कुशीवर वळली आणि म्हणाली, "फ्रीज लाव गं, दूध नासेल."