ताईची सही

अवसरीत इंजिनियरिंग कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ टाकायची, एवढंच माझं काम. ग्रामपंचायतीत चार खेटे घातल्यावर कळलं, की रस्त्यालगतची पत्र्याची खोली अजून वडिलांच्याच नावावर आहे. वडील जाऊन सहा वर्षं झाली.

"बहिणीच्या संमतीबिगर दाखला मिळायचा नाय, राव," कारकून म्हणाला. आमच्याकडं बहिणीनं वाटा सोडला, हे सगळे धरूनच चालतात. तिला कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

मग वैतागून आळ्याला ताईकडं गेलो. दिवाळी चार दिवसांवर आली होती. दिवाळीला भावानं मुराळी म्हणून जाऊन बहिणीला माहेरी आणायचं असतं. आई गेल्यापासून मी ते टाळतच आलो होतो. त्या दिवशी तर माझ्या डोक्यात दाखल्याशिवाय काही नव्हतं.

मला दारात बघून ताई लगबगीनं आत गेली. मी संमतीपत्र काढलं, पेन काढलं आणि वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. ठेवणीतली साडी नेसली होती, हातात कपड्यांची भरलेली पिशवी होती.

"यंदा आलास रं मुराळी! चल, निघू."

मग तिला माझ्या पुढ्यातला कागद दिसला. तिनं पिशवी भिंतीला टेकवली, खाली बसली आणि न वाचताच सही केली.

"आणखी कुटं करायची?"

अजून दोन ठिकाणी करायची होती. मी बोट ठेवून दाखवलं.