आबांना ऐकू आलेला भोंगा

या, अशा जवळ सरका. लांबून ऐकायची गोष्ट नाही ही. अन् तुम्ही पोरं तरी कशी — रात्री-बेरात्री हे असले अनुभव वाचता, मग दिवा चालू ठेवून झोपता! आम्हाला तर भुताला घाबरायलासुद्धा सवड नव्हती. माझा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नाही. चकवा म्हणजे उशिरा घरी येणाऱ्याची सबब, हे मी तोंडावर सांगते. पण ही एक गोष्ट... हिचं काय करावं, मला अजून कळलेलं नाही.

निजामाचं राज्य होतं. परळीच्या अलीकडं रुळावर फाटक, फाटकाला लागून रेल्वेची एक खोली. त्यात आम्ही तिघं — आबा, माय अन् मी. आबा फाटकवाले. अन् घरातलं गुपित म्हणजे, आबांना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही. तापात कान गेले होते. साहेबाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, खोलीपण गेली असती. म्हणून कान मायचे अन् हात आबांचे. कोळशाच्या इंजिनाची शिट्टी लांब वाजली की माय चुलीपासून उठायची अन् आबांच्या पाठीत बारीक खडा मारायची. आबा फाटक लावायचे, झेंडी धरायचे. कुणाला कधी संशय आला नाही.

त्या दिवशी बाजार होता. आबाच मायला म्हणाले, "दुपारून गाडी न्हाई. जा, पोरीला बांगड्या भरून आण."

येताना आम्ही किसनमामाच्या बैलगाडीत बसलो. मामा मायच्याच गावचे. ऊन कडक. गाडी फाटकाशी आली, अन् आबांनी पळत येऊन आमच्या तोंडावर फाटक लावलं!

मामा हसले. "काय दाजी, बायकूला घरात घ्यायचं न्हाई का आज?"

"आवो, कुठली गाडी?" माय ओरडली. "मला तर काय बी ऐकू येईना!"

"भोंगा वाजतुय!" आबा म्हणाले. "लई जवळ आलीय. हलू नका तितनं!"

आम्ही कानोसा घेतला. बैलांच्या घुंगरांशिवाय काही नाही. रूळ मोकळे, धूर नाही. मामा वैतागून फाटक उघडायला खाली उतरले. आबांनी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं...

अन् वळणावरून मालाचा एकटा डबा आला. इंजिन नाही, शिट्टी नाही. वरच्या ठेसनातून सुटलेला, शेंगांच्या पोत्यांनी भरलेला, उतारानं सुसाट. बैलांच्या शिंगांपुढून निघून गेला. फाटक उघडं असतं तर त्या वेळी आम्ही बरोबर रुळावर असतो.

मायला रडू आवरेना. रडता रडता तिनं आबांच्या कानाशी तोंड नेलं. "पर तुमाला ऐकू आलं कसं?"

आबा म्हणाले, "शिट्टी न्हवती ती. रेडा हंबरावा तसा भोंगा. पायाखालची भुई थरथरत व्हती. अन् वास... कंदिलातलं तेल सांडल्यावानी."

दुसऱ्या दिवशी साहेब चौकशीला आले, गाडीची वेळ नसताना फाटक कसं लावलं म्हणून. आता आली का पंचाईत! भोंगा ऐकला म्हणावं तर वेडा ठरणार, अन् जास्त विचारपूस झाली तर बहिरेपण उघडं पडणार. मायच पुढं झाली. "साहेब, मी बाजारातनं उशिरा आले. रागानं लावलं ह्यांनी फाटक." साहेब पोट धरून हसले, अन् आबांची पाठ थोपटून गेले. मायनं खडे मारणं काही सोडलं नाही, फक्त त्या दिवसापासून आणखी बारीक शोधायला लागली.

पुढं राज्य गेलं, माय गेली. परळीला विजेचं थर्मल झालं. आबा म्हातारे होऊन फाटकाजवळच माझ्याकडं राहायचे, कान पार गेलेले. एके दिवशी अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी घरात. लांबून आवाज आला — रेडा हंबरावा तसा. भांडी थरथरली. बाहेर येऊन बघते तर आबा उभे, नाक वर करून.

"सखू," म्हणाले, "हीच ती. त्या दिवशीची."

कोळशाची मालगाडी होती. पुढं डिझेलचं इंजिन. आमच्या रुळावर तसलं इंजिन आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. अन् वारा आला तसा वासही आला, सांडलेल्या तेलाचा.

तसलं इंजिन यायच्या कितीतरी वर्षं आधी आबांनी त्याचा भोंगा कसा ऐकला, हे मी शिकलेल्या माणसांना विचारलं, ड्रायव्हरांना विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

मी अजून त्या फाटकाजवळच राहते. बोलावून थकले, पण तुम्हाला तिकडं यायला काही सवड होत नाही. आता लवकर या. अंगणात बसवीन, शेंगा भाजीन. भोंगा तुम्हाला ऐकू येईलच... नाही आला, तर मी आहे खडा मारायला.