बारावं नाव

"मित्रदेशावरही संशय? उद्या पाहुण्यांचे खिसे तपासायला सांगतील," मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

वाराणसीच्या सरकारी अतिथिगृहात समितीची सुनावणी चालू होती. मित्रदेशांतून येणाऱ्यांमुळे दहशतवादाचा धोका किती, हे दर वेळी नव्याने तपासून लिहिणं सक्तीचं करणारा कायदा येत होता. मला माजी कॅप्टन म्हणून बोलावलं होतं. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली होती.

माझं शेवटचं पोस्टिंग इथलंच. मी रामघाटावरच्या मराठी घरातली, म्हणून परदेशी लष्करी पाहुण्यांची घाटफेरी माझ्याकडे. देश संशयित असेल तर चार पानी रिपोर्ट. मित्रदेश असेल तर मागचा कागद काढून 'पूर्ववत, धोका निल' लिहायचं. सगळेच लिहीत. मीही.

एका मित्रदेशाचं लष्करी पथक आलं, त्या दिवशी ०६१० वाजता राजा घाटावर हवालदार रामधनी जवळ आले.

"मॅडम, लिस्ट में ग्यारह थे. ये बारहवाँ कौन?"

"दुभाषिया है. कल शाम नाम आया."

"बैग देख लूँ?"

"मेहमान हैं, रामधनी."

"मेहमान तो बारात में भी गिने जाते हैं, मॅडम."

मी हसले. बोट निघाली. अकरा जण सूर्याचे फोटो काढत होते. बारावा घड्याळ बघत होता. मला ते दिसलं होतं. पाहुण्यांच्या कर्नलसमोर बोलायचा संकोच वाटला.

०६३५, संकठा घाट. पाहुणे उतरून पायऱ्या चढू लागले. मी मोजले. अकरा. दुभाषा गल्लीत नाहीसा झाला होता. तेवढ्यात बोटीपाशी थांबलेले रामधनी वायरलेसवर आले.

"मॅडम, बैग बोट में छूटी है. भारी है. ओव्हर."

"हात मत लगाना. बोट छोड़ो, घाट खाली कराओ. ओव्हर."

"औरतें नहा रही हैं, मॅडम. टाइम नहीं है."

त्यांनी नावाड्याला उतरवलं आणि वल्ही स्वतः घेतली. ०६४१ वाजता स्फोट झाला, तेव्हा बोट मधल्या धारेत होती. घाटावर कोणाला खरचटलंही नाही.

चौकशीत 'प्रक्रियेनुसार कार्यवाही' असा शेरा आला. माझ्या जबाबात रामधनींचा प्रश्न नव्हता. त्याबद्दल मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढे मी लष्कर सोडलं.

"कॅप्टन, आपल्याला काही सांगायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

मी उभी राहिले. मागचं हसणं थांबलेलं नव्हतं.

"सर, हवालदार रामधनींनी मला बॅग तपासू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हणाले. कागदावर 'धोका निल' मीच लिहिलं होतं."